गावात फिरायचंय

"बसमध्ये अर्ध्या सीटा रिकाम्या असतील तर कुणाच्या शेजारी बसू नका," गुनवोर फोनवर म्हणाली. "आमच्याकडे लोक दचकतात."

"आणि ओळख नसताना हसलो तर?"

"मग दारू चढवून आलाय म्हणतील."

पलीकडे एइलिफ खुदकन हसला.

बंदरावरच्या पर्यटक माहिती केंद्रात गुनवोर एकटीच असे. सप्टेंबरात पर्यटकांच्या मोठ्या बोटी यायच्या थांबल्या की फोनही थांबत. यंदा मात्र रोज अकराला एइलिफचा फोन यायचा. म्हातारा माणूस, चाकाच्या खुर्चीतला. गावात फिरायचंय, एवढंच तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. कुठून येणार, हे तिनं विचारलं नाही. असल्या चौकशा तिच्या स्वभावात नव्हत्या, गावाच्याही नव्हत्या.

त्याच्यासाठी ती टेप घेऊन गावभर हिंडली. चर्चचा उंबरठा मोजला, धक्क्यावरचा उतार मोजला. लोक बघत, पण विचारत कुणी नसे. नवरा गेल्यापासून आठ वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"बेकरीत मागच्या दारानं जा," ती सांगे. "पुढं दोन पायऱ्या आहेत." तो सावकाश लिहून घेई.

शुक्रवारी त्यानं विचारलं, "न बोलावता कुणाची बेल वाजवली तर?"

"उघडणार नाहीत. उघडलं तरी दारातच उभं करतील."

"तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

शनिवार-रविवार केंद्र बंद. तिनं वाफल, म्हणजे साच्यातले गोड जाळीदार केक केले, दोन खाल्ले, उरलेले झाकून ठेवले. ते 'मीसुद्धा' काही केल्या मनातून जाईना.

सोमवारी अकराला फोन वाजला. तिनं त्याला बोलूच दिलं नाही.

"एइलिफ, तुम्ही आलात की माझ्याकडे कॉफीला यायचं. वाफल करीन. हे आमंत्रण समजा."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"फक्त आमच्या इमारतीला लिफ्ट नाही," ती घाईनं म्हणाली. "मी दुसऱ्या मजल्यावर असते. पण दोन माणसं बोलावीन, खुर्चीसकट वर आणतील."

"वर नको." एइलिफ म्हणाला. "खाली आणायला सांगा. मी तुमच्या वरच्याच मजल्यावर राहतो, गुनवोरबाई. चार वर्षं झाली."