ऑर्विलने झेललेला चेंडू

आमच्या गावचा कॉल्बी बेसबॉलच्या छोट्या लीगमध्ये एक पायरी वर चढला, तेव्हा त्याची चेंडूफेक बघायला आम्ही निम्मं गाव बस करून आयोवाहून गेलो. त्याचा पहिलाच चेंडू समोरच्याने असा हाणला की तो थेट प्रेक्षकांत, आमच्याकडेच आला. आमच्या ऑर्विल न्हाव्याने तो टोपीत झेलला आणि आम्ही सगळे आनंदाने नाचलो. कॉल्बी मैदानातून बघतच राहिला.

सामना संपल्यावर ऑर्विलने चेंडू त्याच्यापुढे धरला. "कर सही."

"काका, माझी धुलाई झाली आणि तुम्ही नाचत होता! आता सहीपण त्या मारणाऱ्याचीच घ्या."

"त्याची? त्याला आपल्या गावात कोण ओळखतंय?"