जुन्या यादीतला तारा

आमच्या निहारच्या वाढदिवसाला आम्ही दोघं संध्याकाळी गच्चीवर जातो. हे आपल्या जाडजूड तारायादीतून काढलेला एक तारा मला दाखवतात आणि म्हणतात, "याचा प्रकाश निघाला, तेव्हा निहार घरात होता." निहारला जाऊन चौदा वर्षं झाली. यंदासाठी यांनी सोळा प्रकाशवर्षांवरचा तारा निवडला होता.

दुपारी यांचा स्वेटर काढताना कपाटात दुसरी तारायादी सापडली, नवी. त्यात तोच तारा होता, अंतर मात्र तेरा प्रकाशवर्षं. म्हणजे हा प्रकाश निघाला, तेव्हा निहारला जाऊन वर्ष झालं होतं. पहिल्या पानावर यांच्या अक्षरात नाव आणि खरेदीची तारीख होती. आठ वर्षांपूर्वीची.

हे दारात उभे होते.

"खरं अंतर कुठलं?" मी विचारलं.

"नवीतलं. जुनं माप चुकलं होतं."

ती यादी यांच्या अंगावर फेकावीशी वाटली. स्वेटर तेवढा फेकला.

संध्याकाळी गच्चीवर हे यादी न उघडताच बसले. आकाशाकडे बघेचनात. मग मीच जुनी यादी उघडून यांच्या मांडीवर ठेवली.

"सोळा," मी म्हणाले. "तेव्हा त्याचा पुढचा दात हलत होता. हात लावू देत नव्हता."