विसरण्याचा हुकूम

मंगळवारी सकाळी अकरा वाजता कल्याणच्या कचेरीत धाकूची चोरी पुसली गेली. साल १८९९.

चोरी टोपलीभर मिठाची होती. खाडीकाठच्या सरकारी मिठागरावर त्याच पहाटे पोलीस शिपायाने त्याला पकडले होते. धाकू तेरा वर्षांचा. शिपाई, धाकूची विधवा आई हौसाबाई आणि मामलेदार त्र्यंबकराव यांच्याखेरीज ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. ती मानपाड्यात, म्हणजे त्यांच्या गावात, पोचू नये एवढेच हौसाबाईचे मागणे होते. शुक्रवारी गावच्या बाजाराच्या दिवशी ठाण्यातल्या नौपाड्याचा तानाजी सुतार गाडी घेऊन येणार होता आणि धाकूला हाताखाली शिकायला ठाण्याला नेणार होता. आपल्याला लोकांच्या घरांत शिरून काम करावे लागते, पोरगा स्वच्छ हाताचा हवा, असे त्याने आधीच बजावले होते.

त्र्यंबकराव नव्या विचारांचे. कोवळ्या पोराला फटके मारून सरकारने अट्टल चोर घडवू नये, असे त्यांचे मत होते. त्यांनी धाकूला ताकीद दिली, त्याची जबानी फाडली आणि शिपायाला तोंड बंद ठेवायला सांगितले. हौसाबाई पाया पडली आणि निघाली. दारापर्यंत जाऊन ती परत फिरली.

"पन सायेब, उद्या कोनी त्याला चोर बोल्ला तं?"

त्र्यंबकराव विचारात पडले. प्रश्न रास्त होता. तोंडी ताकीद एका शिपायाला होती, गावाला नव्हती. गावाला हुकूम हवा. आणि ज्या हुकुमाची दवंडी पिटली नाही, तो मोडल्याबद्दल कोणाला दंड करता येत नाही. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला. हौसाबाईने पुन्हा पाय धरले.

दवंडीवाल्या भिवाला एकच शंका होती. पोराने काय केले तेही सांगायचे का?

"त्याशिवाय काय बोलायचं नाही, ते लोकांना कळणार कसं?" त्र्यंबकराव म्हणाले.

शुक्रवारी भर बाजारात डफ वाजला. हौसाबाईचा मुलगा धाकू याने सरकारी मीठ चोरले, ते माफ झाले आहे. त्याला कोणी चोर म्हणू नये, म्हणेल त्यास पाच रुपये दंड. भिवाचा आवाज खणखणीत. मासळीवाल्यांच्या गलक्यातही शब्द न् शब्द ऐकू गेला. धाकू धुतलेला सदरा घालून तानाजीच्या बैलगाडीजवळ उभा होता. त्याची वळकटी गाडीत चढली होती.

तानाजीने ती उचलून खाली ठेवली आणि बैल जुंपायला घेतले. हौसाबाईने कारण विचारले.

"ते सांगता येत नाही, बाई," तो म्हणाला. "दंड आहे."

हुकूम मानपाड्यात अद्याप एकानेही मोडलेला नाही. हा चांगला अनुभव पाहून त्र्यंबकरावांनी येत्या रविवारी तीच दवंडी डोंबिवलीच्या बाजारातही ठेवली आहे.