कवळीला जुळणारा माउथपीस

कवळी बसवल्यापासून बँडवाल्या ज्ञानू अवघडेंचा ट्युबा, खांद्यावरचा तो भलामोठा पितळी भोंगा, रुसला होता. वरातीत चालताना माउथपीसवर ओठ दाबले की कवळी हलायची आणि सूर फाटायचा. बँडमास्तरांनी त्यांच्या हाती झांजा दिल्या, तेव्हापासून ज्ञानू घरातही बोलेनासे झाले. शेवटी त्यांची बायको छबू त्यांना ट्युब्यासकट मिरजेच्या वाद्यांच्या दुकानात घेऊन गेली.

"अहो, खुर्चीत बसून काय वाजवता? वरातीत कोण खुर्ची देणार आहे?" ती म्हणाली.

मग ज्ञानू गल्लीत चालत एकेक माउथपीस लावून पाहू लागले. चकचकीत, खोल वाटीचा त्यांना आवडला. आवाज भरदार निघाला, पण दम गल्लीच्या वळणापर्यंतच पुरला.

"तो रुंद काठाचा बघा. दाबावं लागणार नाही," छबू पायरीवरून म्हणाली.

काठ ओठांवर अलगद टेकला. कवळी जागची हलली नाही. ज्ञानू वाजवत गल्लीच्या टोकाला गेले आणि वाजवतच परतले.

"कसा वाटला?" त्यांनी विचारलं.

"मला भूक लागलीय. घ्या तो आणि चला."

ज्ञानूंनी ट्युबा खांद्यावरून उतरवलाच नाही. स्टँडपर्यंत ते वाजवत गेले. मागून छबू पिशवी सावरत वरमाईच्या थाटात चालत राहिली.