गोंद ओला आहे

“तोंड उघड रे, मोती नाही सांडणार!” आत्या लहानपणी म्हणायची, ते काचवाल्याला आज हटकून आठवलं. गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या दारात त्याने त्यांच्या गाडीची तडकलेली काच काढून नवी बसवली. वायपर तपासायला दोघं आत बसली. तो मनातलं सांगायला गेला, तर तोंडातून भलतंच निसटलं, “गोंद ओला आहे. तासभर दार उघडायचं नाही हं!”

तास गप्पांत भुर्रकन उडाला. बाईंच्या हसण्याने नवी काच आतून धुकटली. मनातलं मात्र मनातच राहिलं. शेवटी त्याने खट्टू होऊन दाराकडे हात नेला.

 

“बसा हो!” बाई म्हणाल्या. “दार फक्त आपटायचं नसतं, हळूच उघडलं तर चालतं. मागच्या वेळी काच बसवलीत तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं!”