नंबराला ठेवलेलं बोचकं

गोष्ट छप्पन्न सालची. नातवाच्या बारशाला उशीर नको म्हणून दौलतराव चिंचवडहून पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघाले. नारायणगावची गाडी चाकणला बदलायची होती आणि तिथला थांबा अनोळखी, म्हणून त्यांनी हाताशी चांगले दोन तास ठेवले.

थांब्यावर पेरू विकणाऱ्या एका म्हातारीशिवाय कुणी नव्हतं. नंबर धरायला मात्र कुणीतरी बोचकं ठेवून गेलं होतं. दौलतरावांनी आपलं बोचकं त्याच्यामागं ठेवलं आणि ते दचकले. दोन्हींचं कापड एकच, रुक्मिणीबाईंच्या जुन्या लुगड्याचं. गाठही बायकोचीच, डावखुरी.

"हे कुणाचं?" त्यांनी पेरूवाल्या म्हातारीला दरडावून विचारलं.

"तुमचंच की. मघाशी तुमीच ठिवून गेला न्हवं?"

"मी आत्ता उतरतोय!"

"आसंल बाबा." ती पेरू पुसत राहिली.

कुणीतरी घरातून लुगडं चोरलंय आणि म्हातारी त्या चोराला सामील असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी स्वतःचं बोचकं सोडलं. रुक्मिणीबाईंनी बाळासाठी रात्रीच शिवलेली लाल कुंची आत होती, कोरी करकरीत. मग त्यांनी दुसरं सोडलं.

त्यातही तीच कुंची होती. फक्त तिच्या कडेला काजळ लागलं होतं, आणि बंदाला दुधाचा वास येत होता.

बारसं तर संध्याकाळी होतं.

लांबून गाडीचा भोंगा वाजला. "व्हा पुढं," म्हातारी म्हणाली, "पैला नंबर तुमचाच हाय."

दौलतरावांनी काजळ लागलेल्या कुंचीत हात घातला. आत ऊब होती, नुकतीच डोक्यावरून उतरवल्यासारखी.