शिवलेला खिसा

मनोरमा गेल्याचा फोन खाणीच्या ऑफिसात आला, तेव्हा तिचा नवरा आत्माराम दारूकोठारात सुरुंगाच्या कांड्या रचत होता. मुकादम फेबियनने त्याला आधी बाहेर बोलावलं, कोठाराला कुलूप घालायला लावलं आणि मगच सांगितलं.

गोखिवऱ्याजवळच्या त्या खाणीचं कोठार आत्माराम बावीस वर्षं सांभाळत होता. आत काडेपेटी गेली तर सगळेच उडतील, आणि हा पडला विडी ओढणारा, त्यात विसरभोळा. म्हणून मनोरमा त्याच्या प्रत्येक शर्टाचा खिसा शिवून बंद करायची. मग शर्ट त्याच्या अंगात चढवून टाके ओढून बघायची, आणि छातीशी वाकून दोरा दातांनी तोडायची.

तेराव्यानंतर तो नवा शर्ट घालून कामावर गेला. कोठाराच्या दारात फेबियनने त्याचा खिसा चाचपला आणि काडेपेटी बाहेर काढली.

"आत्मारामकाका, काकू गेल्या म्हणून आम्हालाही तिकडेच धाडताय काय?"

त्या संध्याकाळी आत्माराम सुई घेऊन बसला. डोळे सारखे भरत होते, दोरा काही ओवला गेला नाही. शर्ट खुंटीला टांगून तो झोपला.

सकाळी खिसा शिवलेला होता. बारीक, घट्ट टाके. सुई दोऱ्याला लोंबत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं, दाराची कडी आतून तशीच होती.

आत्माराम घाबरला नाही. "उपकार झाले गं," म्हणत त्याने हात जोडले. शर्ट घातला, बटणं लावली आणि रोजच्यासारखी हनुवटी वर करून उभा राहिला.

छातीवरचे टाके कोणीतरी ओढून पाहिले.

दोरा तेवढा तोडायचा राहिला आहे.